तू कुणालाच वाचवलं नाहीस, शालू

शालू,

शनिवारी तुझ्या शाळेत शोकसभा झाली. तुझी मैत्रीण म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. तुझा फोटो कुठल्या तरी जुन्या स्नेहसंमेलनातला होता, त्यात तू कुणाकडे तरी रागाने बघते आहेस. मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शालिनीबाईंनी आपल्या आवाजाने कितीतरी अत्यवस्थ रुग्णांना मृत्यूच्या दारातून परत आणलं." मुलींनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

मला तिथल्या तिथे उठून सांगावंसं वाटलं, की असं काही झालेलं नाही. शालू, तू कुणालाच वाचवलं नाहीस. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि त्या माहितीवरच आपली मैत्री उभी होती. पण मी उठले नाही. रडणाऱ्या मुलींसमोर कसलं उठायचं. म्हणून इथे लिहिते आहे. तुझ्याशी बोलायचं तर खरं बोलावं लागतं, दुसरं काही तू ऐकूनच घेत नव्हतीस.

आमच्या हॉस्पिटलात ती खोली तेव्हा नवीन होती. मोठे डॉक्टर मुंबईहून शिकून आले आणि त्यांनी वॉर्डाच्या टोकाला काचेची भिंत घालून चार खाटा वेगळ्या केल्या. दारावर इंग्रजी पाटी लावली. ते नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही. पारनेर, पाथर्डीकडची माणसं एकमेकांना सांगायची, "काचंच्या खोलीत नेलंय," आणि ऐकणारा पुढचं विचारायचा नाही. आत होतं तरी काय? ऑक्सिजनचं सिलिंडर, पायाने चालवायचं सक्शनचं मशीन, सलाइनचे स्टँड, आणि हृदयाची रेघ दाखवणारं एक यंत्र. लाइट गेली की तेही बंद.

त्या खोलीत तू पहिल्यांदा आलीस ती तुझ्या आत्याला घेऊन. त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. शुद्ध नव्हती. उजव्या हाताची मूठ घट्ट वळलेली, श्वास घोरल्यासारखा मोठा. तू खाटेपाशी उभी राहून मला विचारलंस, "सिस्टर, हिला ऐकू येतं का?"

आम्हाला शिकवलेलं होतं तेच मी सांगितलं. "बोलत राहा त्यांच्याशी. ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं म्हणतात."

"मला बोलता यायचं नाही," तू म्हणालीस. "आमचं भांडण झालंय. ती माझ्याशी बोलायची थांबली, मी तिच्याशी."

भांडण कशावरून ते तू पुढे कधीतरी सांगितलंस. आत्याने आणलेल्या स्थळाला तू नाही म्हणाली होतीस. पण त्या दुपारी मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, काय तुसडी बाई आहे. तू स्टूल ओढून बसलीस, बराच वेळ नुसती बघत राहिलीस, आणि मग अगदी बारीक आवाजात गायला लागलीस. गाणं नव्हतं ते. शब्दच नव्हते. एक सूर लावायचीस, तो खाली यायचा, थांबायचा, पुन्हा वर जायचा. मी ओरडणार होते, हॉस्पिटल आहे हे, म्हणून. मग माझ्या लक्षात आलं की आत्याबाईंचा श्वास वर जाताना तुझा सूर वर जातोय आणि खाली येताना खाली. तू त्यांच्या श्वासाच्या मागे मागे चालली होतीस. हळूहळू तू चाल कमी केलीस. आणि शालू, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, श्वास तुझ्या मागे यायला लागला. घोरणं उतरलं. वळलेली मूठ सैल झाली.

काचेपलीकडे डॉक्टर उभे होते. आत येऊन मला म्हणाले, "नाडी बघा, सिस्टर." नाडीही उतरली होती. डॉक्टर म्हणजे हाताला लागेल तेवढंच खरं मानणारा माणूस. स्वतः पुन्हा मनगट धरून बघितलं.

आत्या गेल्या. तो त्यांचा दिवस होता, तुझ्या गाण्याने तो पुढे ढकलला नाही. पण तुझं भांडण मिटलं असं तू म्हणायचीस. "मी गायले आणि तिने मूठ सोडली, एवढं मला पुरे."

दहावं-तेरावं उरकून तू हॉस्पिटलची काही कागदपत्रं घ्यायला आलीस, तेव्हा डॉक्टरांनी तुला बसवून घेतलं आणि विचारलं, शाळा सुटल्यावर अधूनमधून येऊन अशाच पेशंटजवळ बसाल का. मी बाजूला उभी होते. तुझ्या चेहऱ्यावर मला नकार दिसत होता. आणि तू हो म्हणालीस.

मग रोजच यायला लागलीस. माळीवाड्यातल्या खोलीतून शाळेत गाणं शिकवायला आणि शाळेतून आमच्याकडे. दारात आलीस की हातातल्या बांगड्या काढून माझ्या एप्रनच्या खिशात टाकायचीस, त्यांचा आवाज नको म्हणून. ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडे येत असतात, त्याकडे कान देऊन एकदा म्हणालीस, "सुशे, तुमची बाटली आज फार खालच्या सुरात लागलीय." मला हसू आवरेना. त्या खोलीत मी तोवर कधी हसले नव्हते. तुला विचारलं होतं, शब्द का घेत नाहीस, भजन म्हण, लोकांना आवडेल. तू म्हणालीस, "शब्द आले की माणूस अर्थ शोधायला लागतो. त्याला आता तेवढी ताकद कुठली." मी चर्चमध्ये जाणारी, तू गणपतीला दूर्वा वाहणारी, खाटेवर कधी मुसलमान, कधी मराठा, कधी महार. तुझ्या त्या बिनशब्दांच्या गाण्याने कुणाचं काही अडलं नाही.

कापडबाजारातले ते म्हातारे दर्जी आठवतात? हृदय थकलेलं, पाठ टेकता यायची नाही, रात्रंदिवस उशांना टेकून बसलेले. शुद्धीत असलेला तुझा बहुतेक तो एकटाच पेशंट. तुला म्हणायचे, "बेटी, तुम गाते तो दम थोडा कम लगता." ते चालत घरी गेले. मी पेढे आणायचं म्हणत होते, तर तू मला गप्प केलंस. "ते इंजेक्शनांनी बरे झाले. माझ्या नावावर घालू नकोस." त्यांनी तुला पोलकं शिवून आणून दिलं. ढगळ झालं होतं, तरी तू शाळेत घालून जायचीस.

आता त्या मोठ्या बाईंना कसं सांगू, की तूच कधी ते मान्य केलं नाहीस.

बाकीचे गेले. शालू, जवळजवळ सगळे गेले. आमच्याकडे माणूस पोचायचाच उशिरा. बैलगाडीतून रस्त्यापर्यंत, तिथे एस.टी.ची वाट बघत बसायचं, नाहीतर दुधाची गाडी. आणि डॉक्टर तुला बोलवायचे तेही अशांच्याच जवळ. ते मला म्हणाले होते, "ज्याला औषध लागू पडतंय त्याला औषध देऊ. बाईंना थोडाच वेळ असतो. ज्यांच्यासाठी आपल्याकडे काही उरलं नाही, त्यांच्याजवळ त्यांना बसू दे." त्यांच्या मनात चांगलंच होतं. पण काचेबाहेर ओसरीवर बसलेल्या नातेवाइकांना हे कुठे माहीत? त्यांना एवढंच दिसायचं की एक बाई येते, उशाशी बसून गाते, आणि ज्याच्याजवळ ती गाते तो मरतो.

एक बाळंतीण आली होती धनुर्वाताची. श्रीगोंद्याकडची, कोवळी पोर. तिला वेगळी, अंधारी केलेली खोली दिली होती, दाराच्या कडीला फडकी गुंडाळली होती, कारण जरा खट्ट वाजलं की तिला आचके यायचे. मी तुला दारातच थांबवलं. तू विचारलंस, "हळू गायले तरी?" मी म्हटलं, "हळू गायलीस तरी."  जाताना म्हणालीस, "म्हणजे माझा आवाज तिला चाबकासारखा लागेल." मी म्हटलं, तुझाच असं नाही, कुणाचाही. पण तू ऐकलं नसावंस. तुला तुझ्या आवाजाची भीती वाटायला लागली ती, मला वाटतं, तेव्हापासून.

मध्ये एक बरा दिवस होता, तो सांगते. दिवाळीच्या सुट्टीत आपण एस.टी.ने भंडारदऱ्याला गेलो होतो. तू शिदोरीत मेथीच्या भाकऱ्या आणल्या होत्यास आणि मीठ विसरली होतीस. धरणाच्या भिंतीवर वारा एवढा होता की पदर सांभाळता येईना. तिथे तू गळा मोकळा सोडून गायलीस. काचेच्या खोलीत तुझा अर्धाच आवाज ऐकलेला, त्यामुळे मी दचकले. समोरच्या डोंगरावरून तो परत यायचा. एक म्हातारा धनगर थांबून ऐकत राहिला, मग मान हलवून निघून गेला. तू त्याच्याकडे बघत म्हणालीस, "बघ, इथे कुणाला काही होत नाही." तू हसत होतीस म्हणून मीही हसले.

त्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. बघता बघता दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं. सगळीकडे खडी फोडायची आणि बंधारे घालायची कामं. पारनेर तालुक्यातला तो माणूस अशाच कामावर मातीची दरड अंगावर कोसळून आमच्याकडे आला होता. डोक्याला मार, शुद्ध नाही. बरोबर बायको आणि थोरला भाऊ. बायको खाटेच्या पायथ्याशी बसून असायची, चादरीखालून नवऱ्याचं पाऊल धरून. पहिल्यांदा तू गायलीस तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. मग एका दुपारी तू बांगड्या काढून माझ्याकडे दिल्यास आणि आत वळणार, तेवढ्यात तो भाऊ पुढे आला.

"बाई, जरा भाईर या."

तू बाहेर गेलीस. मीही आले.

"राग मानू नका," तो म्हणाला. "पन तुमी त्याच्यापाशी गाऊ नका."

"का?"

तो खाली बघत होता. "तुमी जितं गाता त्यो मानूस जगत न्हाई. समदेच म्हनत्यात. आमच्या शेजारच्या गावचा गेला. त्याच्या आदी ती म्हातारी गेली. दोघांपाशी तुमीच गायल्या हुत्या."

मी मध्ये पडले. "दादा, त्यांना दुखणंच तसं होतं. बाई गायल्या म्हणून कुणी जातं का?"

"आसंल तसं. तुमी शिकलेल्या. मला काय कळत न्हाई. पन भाऊ हाय माझा त्यो." आणि त्याने हात जोडले.

त्याने शिवी दिली असती तर तू भांडली असतीस. मी तुला ओळखत होते. पण त्याचे हात जोडलेले होते. तू काचेतून आत बघितलंस. त्याची बायको तशीच पाऊल धरून बसलेली, तिने वर बघितलं नाही. तिच्या मनात काय होतं ते आपल्याला कधीच कळायचं नाही. तू माझ्या खिशातून बांगड्या काढून घेतल्यास, तिथेच उभी राहून एकेक हातात चढवल्यास आणि गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस गेला. मी संध्याकाळी तुझ्या खोलीवर आले. मला वाटत होतं तुझं ओझं उतरेल. म्हटलं, "बघ, तू गायली नाहीस तरी गेला."

तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आधी गायले होते ना."

मग आपलं ते भांडण, जे संपलंच नाही. डॉक्टरांनी तुला निरोप धाडला, लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, या. तू आलीस, पण आत नाही, हॉस्पिटलच्या पायऱ्यांपर्यंत. आपण चहा घेऊन पायरीवर बसलो. मी म्हटलं, अडाणी माणसं आहेत, सोडून दे. तू म्हणालीस, "लोकांचं मला काही नाही गं. मी पेशंटचा विचार करते. बाहेर जे बोलतात ते त्याच्याही कानावर गेलं असेल. शुद्ध जायच्या आधी, घरी, गावात, गाडीत. काचेच्या खोलीत एक बाई गाते आणि माणूस मरतो. आणि मग तो तिथे पडलेला असतो, हलता येत नाही, बोलता येत नाही, आणि मी येऊन सूर लावते. त्याला काय वाटत असेल, सुशे? ऐकू येणं शेवटी जातं असं तूच सांगितलंस ना?"

  मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "कळलं तर कळलं. एकटं जाण्यापेक्षा बरं."

"तू कशी सांगतेस? तू गेलीस का कधी?"

तू कप पायरीवर ठेवलास आणि उठलीस. चहा तसाच राहिला.

नंतर मला तुझ्या शाळेतल्या एका बाईंकडून कळलं की तू वर्गातही गात नाहीस. पेटीवर सूर धरून देतेस आणि मुलींना म्हणायला लावतेस. मी तुला त्याबद्दल विचारलं नाही. तू आमच्या क्वार्टरवर यायचीस, भाजी निवडायचीस, साबणाला वास येतो म्हणून कुरकुर करायचीस. बाहेरून सगळं पहिल्यासारखं. पण पूर्वी तू काम करताना नकळत गुणगुणायचीस, ते बंद झालं होतं. घर एवढं गप्प असू शकतं हे मला तेव्हा कळलं.

त्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी. काविळीने सगळा माळीवाडा पिवळा पडला होता. तू आधी अंगावर काढलंस, मग कुणाकडून तरी झाडपाल्याचं औषध घेतलंस. मी रागावले तेव्हा म्हणालीस, "तुझ्या दवाखान्यात माझं कोण बरं झालंय." तुझ्या शाळेतल्या बाईंनी टांग्यातून तुला आणलं तेव्हा तुझ्या डोळ्यांत हळद होती आणि तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होतीस. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. सांगायची गरज नव्हती. कावीळ डोक्यात चढली की पुढे काय होतं ते मी बघितलेलं होतं.

काचेच्या खोलीत खिडकीकडची खाट तुला दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तू थोडा वेळ नीट शुद्धीवर आलीस. माझा हात धरलास. "सुशे, माझ्या मुली येतील."

"येऊ दे."

"त्या गातील. त्यांना गाऊ देऊ नकोस. कुणीच माझ्याजवळ गायचं नाही."

"का गं असं?"

"मला कळेल ना मग," तू म्हणालीस.

त्यानंतर तू माझ्याशी असं नीट काही बोलली नाहीस.

मुली आल्याच. संध्याकाळी, शाळेच्या निळ्या परकरांत, दोन वेण्या घातलेल्या, ओळीने. त्यांच्या बाई म्हणाल्या, शालिनीबाईंनी शिकवलेलंच म्हणतील, अगदी हळू म्हणतील. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, खिडकीखाली उभ्या राहून? मी नाही म्हटलं. एका मुलीने विचारलं, "सिस्टर, बाईंना ऐकू येतं का?"

"नाही," मी म्हटलं. "काही ऐकू येत नाही त्यांना."

मुली परत गेल्या. दरवाजाबाहेर जाईपर्यंत त्या मागे वळून बघत होत्या.

मी आत आले आणि तुझ्याजवळ बसले. तुझा श्वास खोल आणि जोराचा झाला होता, आत्याबाईंचा होता तसा. त्याच्या मागे कसं जायचं, कुठे चाल कमी करायची, हे मी इतकी वर्षं बघत आले होते. मी तोंड मिटून बसले. तुझा शब्द पाळला. तुझी मूठ वळलेली होती, ती मी सोडवायचा प्रयत्न केला. सुटली नाही.

शालू, मी तुझ्यावर रागावले आहे. मेलेल्या माणसावर रागवू नये, पण मी रागावले आहे. तू माझे हात बांधून गेलीस. ज्या खोलीत तू इतक्या परक्या माणसांना सोबत केलीस, त्या खोलीत तुला कुणाची सोबत मिळाली नाही, आणि ती मिळू नये याची व्यवस्था तू माझ्याकडून करून घेतलीस. तू घाबरली होतीस का? त्या भावाचं म्हणणं तुला शेवटी खरंच वाटलं होतं का? की नुसतं थकायला झालं होतं? मी सारखी विचार करते. उत्तर कुणाकडून मिळणार. तुझ्याशिवाय कुणाला ते माहीत नाही.

तुझा भाऊ संगमनेरहून आला. भला माणूस आहे, मला म्हणाला, "तुम्हीच तिच्या बहीण." पण पुढे न्यायची वेळ आली तेव्हा मी हॉस्पिटलच्या फाटकापाशीच राहिले. आमच्यात बायका कबरीपर्यंत जातात, मूठभर माती टाकतात. तुमच्यात बायकांनी जायचं नाही. मी फाटकात उभी राहिले आणि मंडळी वळणावरून दिसेनाशी झाली, मग आत जाऊन ड्यूटीवर हजर झाले. तुझ्या खाटेवर नवा पेशंट आला होता.

तू येण्याआधी मी पेशंटचा श्वास मोजायची. घड्याळ बघून मोजायचा आणि लिहायचा. तू आलीस आणि मी तो ऐकायला लागले. त्याने माझं काम सोपं झालं नाही, अवघडच झालं. आता मी पाठमोरी असले तरी मला कळतं कुणाचा श्वास बदलला. हे तू मला दिलंस. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, आणि ते मानावेत की नाही हेही मला आज नीट कळत नाही.

खरं सांगायचं तर मी आज लिहायला बसले ते त्या शोकसभेमुळे नाही. ती शनिवारी झाली. सोमवारी पाथर्डीकडची एक बाई आपल्या तरण्या मुलाला घेऊन आली. मेंदूत ताप गेलेला. डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं, आशा नाही. ती रडली नाही. माझ्या मागे मागे फिरत राहिली आणि मी थांबले तेव्हा म्हणाली, "ताई, हितं एक गानाऱ्या बाई हायत म्हनं. त्यास्नी बोलवा की."

मी विचारलं, "कशाला?"

"खडीच्या कामावर बाया सांगत हुत्या. त्या बाई पाशी बसून म्हनल्या की मानूस भीत न्हाई. निवांत जातो." ती पदराने मुलाचं कपाळ पुसत होती. "डाक्टर म्हनले जगायचा न्हाई. मग निदान भिऊ तरी नये ना माज्या लेकरानं."

शालू, खडीच्या कामावर हेही बोलत होत्या. कधीपासून बोलत होत्या कोण जाणे. तुझ्यापर्यंत तेवढंच पोचलं जे त्या भावाने सांगितलं, आणि हे पोचलं नाही. एखादा महिना आधी ही बाई आली असती तर मी तिला हाताला धरून माळीवाड्यात तुझ्या खोलीवर आणलं असतं. तुझ्यासमोर उभं केलं असतं. तू काय केलं असतंस मला माहीत नाही. पण मी आणलं असतं.

"त्या बाई गेल्या," मी तिला सांगितलं.

"कुटं गेल्या?"

"वारल्या."

तिने चक्क हात कपाळाला लावला, आपलं कुणी गेल्यासारखा. आणि म्हणाली, "मग तुमीच म्हना. तुमी रोज ऐकलं आसंल त्यांचं."

मी स्टूल ओढून बसले. मला चर्चमध्ये चारचौघींबरोबर गाता येतं, एकटीने कधी गायले नाही. मुलाचा श्वास ऐकला. तो कुठे वर जातो, कुठे अडखळतो, सगळं मला कळत होतं. तुझा पहिला सूर कुठे लागला असता तेही कळत होतं. तोंड उघडलं आणि घशातून काही निघालं नाही. त्याची आई माझ्याकडे बघत वाट पाहत होती. मी पुन्हा प्रयत्न केला. मग उठले आणि त्याच्या नाकातली नळी नीट केली, जणू त्यासाठीच बसले होते.

आज दुपारी तो गेला. त्याची आई त्याच्या कानाशी वाकून बोलत होती. गावाकडच्या गोष्टी सांगत होती, बहीण येणार हाय, छावनीतली जनावरं परत आनायची हायत, तू बरा झालास की जाऊ. मी पाठमोरी होते, औषधाच्या ट्रेजवळ. त्याचा श्वास थांबला तो मला कळला. तिला कळला नव्हता. मी वळले, खाटेपाशी जाऊन उभी राहिले. ती बोलत होती, आणि मी तिला थांबवलं नाही.